प्रार्थनेला बसले की चिंता अधिकच वाढते; अशा वेळी काय करावे?

भिंगारची_लेक (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त.

माझे वय ४१ असून मी पिंपरीजवळच्या एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. माझे माहेर भिंगारचे. आजोबा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवीत असत आणि संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना झाल्याशिवाय आमच्या घरी ताटे वाढली जात नसत, त्यामुळे प्रार्थना ही गोष्ट मला नवी नाही. म्हणूनच पुढे जे लिहीत आहे, ते लिहिताना मला संकोच वाटतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पतींची नोकरी गेली. तीन महिन्यांनी त्यांना दुसरी मिळालीही, परंतु त्या काळात माझ्या छातीत सुरू झालेली धडधड काही थांबली नाही. पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येते, घशाला कोरड पडलेली असते आणि घराचा हप्ता, मुलाची दहावी, सासूबाईंची वाढलेली साखर असे सारे विषय एकदम उशाशी येऊन बसतात. अशा वेळी मी उठून प्रार्थना करते. प्रत्येक विषय देवापुढे नावानिशी मांडावा अशी आम्हाला शिकवण असल्यामुळे मी एकेक आठवू लागते. मात्र एक आठवला की त्याच्यामागून दुसरा येतो, आणि ‘आमेन’ म्हणेपर्यंत मी आधीपेक्षा अधिक घाबरलेली असते. हिशेब जुळवायला बसावे आणि दर वेळी तूट वाढलेलीच दिसावी, तसे काहीसे होते.

मागच्या महिन्यात प्रभुभोजनाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घ्यायच्या भाकरी व द्राक्षरसाचे, तबक आमच्या रांगेत आले, तेव्हा माझा हात इतका थरथरला की त्यातील चिमुकले पेले एकमेकांवर आपटून किणकिणू लागले आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून पाहिले. उपासनेनंतर एका भगिनीने प्रेमानेच विचारले की माझा विश्वास कुठे कमी पडतो आहे का. आमच्या घरगुती प्रार्थनासभेच्या पुढाऱ्यांनी तर फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाचे सहावे वचन काढून सांगितले की ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ ही आज्ञा आहे, म्हणजे चिंता करणे हा आज्ञाभंग होय. त्या दिवसापासून माझ्या यादीत आणखी एका चिंतेची भर पडली आहे.

डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या आहेत. ती पट्टी गेले अकरा दिवस माझ्या पवित्र शास्त्राच्या चेनच्या कव्हरमध्ये, आतल्या कप्प्यात, न उघडता पडून आहे. ती तिथे का ठेवली, ते मलाही सांगता येणार नाही.

प्रार्थना करावी तरी कशी, आणि गोळी घेणे हा अविश्वास ठरतो का, हे दोन प्रश्न मला विचारायचे आहेत. ज्यांनी स्वतः असे काही सोसले आहे, त्यांनी कृपया लिहावे.


निवृत्त_पाळक

ताई, सलाम. मी ३४ वर्षे पाळकपण केले आणि त्यातील बराच काळ आपल्याच जिल्ह्यात गेला. आपण ज्या वचनाने घायाळ झाला आहात, त्याच वचनाविषयी मी लिहितो, कारण ते मीही अनेक वर्षे अपुरे वाचले आणि व्यासपीठावरून तसेच अपुरे सांगितले, याची मला आज खंत आहे.

ते पत्र प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिले. त्याच पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहावा. फिलिप्पैच्या मंडळीने पाठविलेला एपफ्रदीत हा बंधू आजाराने मरणोन्मुख झाला होता. तो वाचला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, आणि त्याला परत पाठवीत आहोत ते आपलेही दुःख हलके व्हावे म्हणून, असे पौल मोकळेपणाने लिहितो. त्याच अध्यायात तो तीमथ्याची प्रशंसा करतो, ती मंडळीची मनापासून काळजी वाहणारा माणूस म्हणून, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, तेच चौथ्या अध्यायात ‘चिंताक्रांत होऊ नका’ येथे आले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, फटके, दगडमार आणि जहाजे फुटणे यांची जंत्री दिल्यावर, सर्व मंडळ्यांविषयीची चिंता रोज आपल्यावर दडपण आणते असे तो सांगतो. तो शब्द ‘मेरिम्ना’, म्हणजे पुन्हा त्याच धातूचा. ज्या पुढाऱ्यांनी आपल्याला आज्ञाभंगाचा दोष दिला, त्यांना हा दोष प्रथम पौलाला द्यावा लागेल.

दुसरे असे की ते वचन सुटे वाचले जाते. त्याच्या अगदी आधीचे वाक्य ‘प्रभू समीप आहे’ असे आहे. अंधारात दचकून उठलेल्या लेकराला आई ‘घाबरू नकोस, मी इथेच आहे’ असे म्हणते, तेव्हा ती काही हुकूम सोडत नसते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ते उगाच नव्हे.

आता पुढचे, सातवे वचन. देवाची शांती आपली अंतःकरणे व विचार ‘राखील’ असे तिथे आहे आणि मूळ शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथे निवृत्त सैनिक वसविलेले होते, त्यामुळे वाचणाऱ्यांना तो शब्द लगेच समजला असणार. आपण तर भिंगारच्या आहात. तिथल्या लष्करी छावणीच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी आपण लहानपणापासून पाहिला असेल. फाटकाशी कोणी येणारच नसेल, तर पहारा कशाला बसवतील? चिंता फाटकापर्यंत येते, धक्के देते, आरडाओरडाही करते, आणि तरीही आत पहारा असू शकतो. छातीत धडधड आहे म्हणून आत देव नाही, असा अर्थ आपण काढू नये.

राहिला प्रश्न प्रार्थना कशी करावी याचा. विषयांची यादी काही काळ पूर्णपणे बंद ठेवावी, असे मी सुचवीन. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः अतिशय व्याकूळ झाला, त्याने तीन शिष्यांना जागे राहण्याची विनंती केली आणि मत्तय लिहितो की तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. नवे शब्द त्यालाही सुचले नाहीत म्हणा, किंवा त्याला त्यांची गरज भासली नाही म्हणा. आपण पहाटे पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेचे तेरावे स्तोत्र उघडावे. पहिल्या दोनच वचनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा आला आहे आणि सारे स्तोत्र सहा वचनांत संपते. तेवढे मोठ्याने वाचून झोपायला जावे. आणि एखाद्या रात्री तेही खोटे वाटले, तर अठ्ठ्याऐंशीवे वाचावे, ज्याचा शेवट अंधारात होतो आणि तरीही जे पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलेले नाही.

पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेविषयी आपल्या मंडळ्यांतून फार बोलले जाते, केडगावच्या १९०५ सालच्या संजीवनाच्या, म्हणजे आध्यात्मिक जागृतीच्या, साक्षी सांगितल्या जातात. पण याच बाईंनी १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती आणि उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक लेक मनोरमा गमावली, हे त्याच दमात कोणी सांगत नाही. संजीवनाच्या साक्षींइतकेच हेही व्यासपीठावरून ऐकू आले पाहिजे, असे माझे मत आहे.


वसईची_बाय

भिंगारच्या ताई, मी कॅथोलिक आहे, त्यामुळे आमची रीत आपल्याला थोडी वेगळी वाटेल. पण थरथरणाऱ्या हातांविषयी वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही.

चार वर्षांपूर्वी विरार लोकलमध्ये, नायगाव सुटून गाडी खाडीच्या पुलावर आली असताना, मला पहिला झटका आला. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण इथेच जाणार असे वाटले आणि एरव्ही सहज ओठांवर येणारी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना मला दुसऱ्या ओळीपलीकडे आठवेना. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना आठवत नाही, याचीच मला गाडीत जास्त भीती वाटली.

माझ्या आजेसासूबाईंनी तेव्हा जे सांगितले, ते आजवर कामी येते. त्या म्हणाल्या, ‘डोके चालत नसेल तेव्हा बोटांनी प्रार्थना करावी.’ जपमाळेत ५९ मणी असतात. मी फक्त एक दशक धरते, म्हणजे दहा मणी. प्रत्येक मण्याला श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’ आणि सावकाश सोडताना ‘दया कर’. बाहेर सोडण्याचा श्वास आत घेण्यापेक्षा लांब ठेवायचा. हे नंतर समुपदेशकांनीही सांगितले, पण आजेसासूबाईंना ते कोणी शिकवले होते कोण जाणे. मणी चंदनाचे आहेत, अंगठ्याखाली एक मणी किंचित चिरलेला लागतो, आणि त्या चिरेपर्यंत आले की मला कळते की अर्धे झाले. आपल्याकडे जपमाळ नसली तरी साडीच्या पदराची किनार किंवा बोटांची पेरे चालतील. देवाला मोजदाद नको असते. ती आपल्या सैरभैर मनाला हवी असते.

शब्द हवेच असतील, तर एकशे एकतिसावे स्तोत्र पाहावे. तीनच वचने आहेत. त्यात दूध तोडलेले मूल आईजवळ असते तसा आपला जीव स्वस्थ आहे, असे म्हटले आहे. माझ्या धाकटीचे दूध तोडले तेव्हा मला त्याचा अर्थ उमगला. अंगावर पिणारे मूल आईजवळ आले की काहीतरी मागतच असते. दूध तुटलेले मूल काही न मागता नुसते मांडीवर येऊन बसू लागते. मात्र तोवरच्या रात्री किती रडण्यात जातात, हे त्या एका ओळीमागे दडलेले आहे. आपल्या यादीवाल्या प्रार्थनेला हा चांगला उतारा ठरेल, असे मला वाटते.


साक्षीदार

सर्वांचे लेखन वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी नम्रपणे मांडतो. मी स्वतः जवळजवळ सव्वा वर्ष निद्रानाशाने व भीतीने ग्रस्त होतो. दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना, मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून माझ्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना, आणि रात्री मोठ्याने वचनवाचन एवढ्यावरच, एकही गोळी न घेता, मी बरा झालो. ही माझी साक्ष आहे आणि ती कोणी खोटी ठरवू नये. अलीकडे मंडळीतसुद्धा दोन मिनिटे प्रार्थना करून माणसाला लगेच डॉक्टरकडे पाठविले जाते, जणू प्रार्थना म्हणजे केवळ मनाचे समाधान. देव आजही बरे करतो, असे आपण खरोखर मानतो की नाही? ताईंनी घाईने गोळ्यांच्या आहारी जाऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.


मिरजेची_सिस्टर

मी मिरजेत परिचारिका म्हणून २२ वर्षे काम करीत आहे, त्यांपैकी सात वर्षे मानसोपचार विभागात. बंधू साक्षीदार यांच्या बरे होण्याबद्दल मी देवाचे आभार मानते. परंतु ‘आहारी जाणे’ हा शब्द वाचून थांबले, कारण अशा शब्दांमुळे रुग्ण आमच्याकडे सहा-सहा महिने उशिरा येतात.

भिंगारच्या ताई, आपण वर्णिलेल्या गोष्टी डॉक्टरांनी तपासल्या आहेत हे चांगले झाले. त्यांनी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पाहिले नसेल, तर पुढच्या भेटीत विचारून घ्यावे, कारण थायरॉईड वाढलेले असले तरी अशीच धडधड व थरथर होते. रात्री आठनंतर चहा घेत असाल, तर तो थांबवावा. मोठा झटका आला तर त्याचा जोर बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. तो अत्यंत भयंकर वाटतो, पण त्याने मरण येत नाही. छातीत दुखणे नवे असेल, हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर मात्र ‘चिंताच असेल’ असे न म्हणता हृदयाची तपासणी तत्काळ करून घ्यावी.

गोळ्यांबाबत लोकांचा मोठा घोटाळा होतो, तो असा की दोन निरनिराळ्या प्रकारच्या गोळ्यांना एकाच नावाने ओळखले जाते. एका प्रकारच्या गोळ्या अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात. त्यांची सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठीच देतात. दुसऱ्या प्रकारच्या रोज घ्यावयाच्या असतात, त्यांची तशी चटक लागत नाही, पण त्यांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी अधिक अस्वस्थता जाणवू शकते. नेमक्या त्याच आठवड्यात पुष्कळ जण ‘औषध मानवत नाही’ म्हणून ती सोडून देतात. आपल्या पट्टीत कोणत्या गोळ्या आहेत, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि एकदा सुरू केल्यावर स्वतःच्या मनाने, कोणाच्या साक्षीवरून किंवा बरे वाटू लागले म्हणूनही त्या एकदम बंद करू नयेत. कमी करत आणायच्या असतात. गोळ्यांच्या जोडीला समुपदेशनही घ्यावे, कारण चिंतेवर त्याचा चांगला उपयोग होतो.

पहाटेच्या यादीसाठी एक उपाय सांगते. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटे ठरवून बसावे आणि सगळ्या चिंता एका वहीत लिहाव्यात, हिशेबनिसाच्या शिस्तीने. ज्यावर उद्या काही करता येईल, त्यापुढे ती कृती लिहावी. ज्यावर काहीच करता येणार नाही, त्यापुढे पाळकसाहेबांनी सांगितलेल्या स्तोत्राचा क्रमांक टाकावा. वही मिटून ती स्वयंपाकघरात ठेवावी, उशाशी ठेवू नये. पहाटे यादी आली की ‘वहीत आहे’ असे स्वतःला सांगावे. पहिले आठ-दहा दिवस याचा काही उपयोग होत नाही असेच वाटेल.

अचानक फार असह्य झाले, किंवा जगणे नको असे विचार मनात येऊ लागले, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालू असतो आणि मराठीतून बोलता येते.

आमच्या गावात डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. ते मिशनरी होते. प्रार्थना आणि औषध यांत निवड करावी लागते ही कल्पना मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला जरा चमत्कारिकच वाटते, कारण आमच्याकडे ही दोन्ही कामे एकाच आवारात चालत आली आहेत.


निवृत्त_पाळक

बंधू साक्षीदार, आपली साक्ष मी खोटी मानत नाही. देव बरे करतो, हे मी स्वतः पाहिले आहे. मंडळी दोन मिनिटांत प्रार्थना उरकते, ही आपली तक्रारही रास्त आहे आणि ती मी माझ्या अंगावर घेतो.

तरीही हिज्कीया राजाची गोष्ट आपण पुन्हा वाचावी. तो मरणाच्या दारी होता, त्याने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, तो फार रडला आणि देवाने त्याला आणखी पंधरा वर्षे आयुष्य देण्याचे वचन दिले. प्रार्थना ऐकली गेली होती, उत्तरही मिळाले होते. त्यानंतर यशया संदेष्टा काय म्हणाला? अंजिरांची ढेप आणा. ती त्याच्या गळवावर बांधली आणि तो बरा झाला. देवाचे वचन हातात असताना राजाने अंजिराचा लेप नाकारला नाही आणि संदेष्ट्यालाही तो लेप अविश्वासाचा वाटला नाही.

एलीया संदेष्ट्याचेही तसेच. ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणून तो झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवला, त्याला उठवून खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. देवाचा मंद स्वर एलीयाने ऐकला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी. ताईंना आज उपवासाची शिफारस करण्यापूर्वी त्यांची झोप आणि जेवण नीट होते आहे का, हे आपण विचारले असते, तर मला अधिक आवडले असते.


साक्षीदार

पाळकसाहेब, अंजिराच्या ढेपेचा मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या लक्षात आला नव्हता. उपवासाबद्दलचे म्हणणे मी मागे घेतो. परंतु मंडळीने अशा माणसासोबत बसून, घड्याळ न पाहता प्रार्थना करावी, हा माझा आग्रह कायम आहे. माझ्यासाठी मंडळीचे जे वडीलजन येत, ते पुष्कळदा काहीच न बोलता तासभर नुसते बसत. मी बरा झालो तो कदाचित त्यांच्या बसण्यानेही असेल, हे आज प्रथमच लिहीत आहे. ताई, आपण पिंपरीजवळ राहता. आपली इच्छा असेल, तर मी आणि माझी पत्नी असे येऊन बसायला तयार आहोत.


भिंगारची_लेक

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. उत्तर द्यायला साडेतीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व.

सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांना पुन्हा भेटले. थायरॉईड ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र कमी आहे, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. दुसरी पट्टी रोज घ्यायच्या प्रकारातली आहे असे त्यांनी सांगितले. ती सुरू करून आज एकोणीस दिवस झाले. पहिले सहा दिवस मळमळत होते आणि सिस्टरनी आधी लिहून ठेवले नसते, तर मी नक्कीच सोडून दिले असते. धडधड गेली असे म्हणता येणार नाही. मागच्या आठवड्यात दोन रात्री सलग पहाटेपर्यंत झोपले, बाकीच्या रात्री पूर्वीसारख्याच.

वही लिहिते. पहिल्या दिवशी सत्तावीस नोंदी झाल्या आणि त्यांपैकी नऊ माझ्या मुलाच्या दहावीच्या होत्या, फक्त शब्द वेगळे. हिशेबात एकच रक्कम नऊ वेळा धरली असती, तर माझ्या साहेबांनी मला घरी पाठवले असते. तेव्हापासून मुलाची एकच नोंद करते. यादीची प्रार्थना बंद आहे. वसईच्या बाईंनी सांगितलेला श्वासाचा जप मी पदराच्या किनारीवर करते. आमच्या मंडळीत कोणाला हे कळले तर काय म्हणतील, ते आता त्याच वहीत लिहिले आहे.

साक्षीदार बंधू, माझ्या पतींना विचारले. आपण दोघांनी रविवारी संध्याकाळी यावे. सासूबाईंनी एवढेच विचारले आहे की पाहुणे चहा घेतात का, कारण आमच्याकडे आता रात्री आठनंतर तो होत नाही.

आणि गोळ्यांची पट्टी शास्त्राच्या कव्हरमधून काढली आहे. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा फ्रिजवर असतो, त्यातच ती ठेवली. सकाळी त्या हाक मारतात आणि आम्ही दोघी एकाच तांब्यातले पाणी ओतून आपापली गोळी घेतो.